मात्रा आणि मुदत

प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमची नळी हातात घेतली की तिच्यावरचा एक आकडा आधी नजरेत भरतो. पाव चमच्यात २० मिलिग्रॅम, असा काहीसा. मनगटाच्या आतल्या बाजूला, मांडीवर, पोटावर अशी रोज जागा बदलून हे क्रीम चोळायचं. पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि पाळी आली की थांबायचं. वास नाही, सुई नाही, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. निदान अमेरिकेत तरी ते दुकानात सरळ विकत मिळतं. दुसरीकडे हॉस्पिटलातलं संमतिपत्र असतं. त्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पूर्ण भूल, रक्तस्राव, आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याची शक्यता असं सगळं ओळीनं छापलेलं असतं आणि तळाशी सहीची रेघ. एंडोमेट्रिओसिसच्या कळांनी महिन्यातले चार-सहा दिवस आडवी होणारी बाई या दोन्हींकडे पाहते, तेव्हा तिचा कल कुठे जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एकीकडे चोळायचं आहे, दुसरीकडे कापायचं आहे.

हा कल चुकीचा नाही. चूक आहे ती प्रश्नाच्या मांडणीत. ‘क्रीम की शस्त्रक्रिया’ असं विचारलं की दोन्ही एकाच तराजूच्या पारड्यांत बसल्यासारखी वाटतात, एक हलकं आणि एक जड. पण औषध असो वा शस्त्रक्रिया, तिची पारख करताना दोन गोष्टी कळाव्या लागतात. जे दिलं जातंय ते दुखण्यापर्यंत किती पोचतं, आणि त्याचा गुण किती काळ टिकतो. मात्रा आणि मुदत. क्रीमच्या बाबतीत मात्रेचा पत्ता लागत नाही. शस्त्रक्रियेच्या बाबतीत मुदत क्वचितच सांगितली जाते. ही दोन मापं नीट लावली की दिसतं, की खरी निवड या दोघांत नाहीच. ती एका लांबणाऱ्या आजाराच्या दीर्घ नियोजनात आहे, आणि त्यात संप्रेरकांना जागा आहे, शस्त्रक्रियेलाही जागा आहे, फक्त त्यांचा क्रम आणि कारण प्रत्येकीसाठी वेगळं आहे.

आधी आजाराकडे पाहू. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला जे अस्तर तयार होतं आणि पाळीच्या रक्ताबरोबर निघून जातं, त्याच्यासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, ओटीपोटाच्या पातळ आवरणावर, बीजकोशांवर, आतडं आणि मूत्राशयाच्या आसपास रुजतात. त्यांनाही संप्रेरकांची चाहूल लागते. त्या सुजतात, रक्ताळतात, पण ते रक्त बाहेर पडायला वाट नसते. आजूबाजूला दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. व्हिएन्नाच्या कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा ऊतींचं वर्णन करून ठेवलं होतं. अमेरिकेत ऑल्बनी इथले शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजकोशातल्या, जुन्या रक्तानं भरलेल्या गाठींबद्दल लिहिलं. आजही आपल्याकडच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टांवर त्यांना ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. १९२७ मध्ये सॅम्पसन यांनीच कारणही मांडलं: पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलट पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण पुढे १९८४ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या वेळी असं रक्त असतं. आजार मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना होतो. बी जवळजवळ सगळ्यांच्याच शेतात पडतं. उगवतं ते काहींच्याच. याचा अर्थ जमीनही वेगळी असते. तिथली प्रतिकारशक्ती, दाह, पेशींचं संप्रेरकांशी असलेलं नातं, सगळं. हा मुद्दा पुढे क्रीमच्या हिशेबात येणार आहे.

दुसरी गोष्ट दुखण्याची. आजार जितका पसरलेला तितकं दुखणं जास्त, असं आपण सहज धरून चालतो, आणि ते खरं नाही. मिलानच्या पाओलो वेर्चेलिनी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १,०५४ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत दिसलेला आजाराचा टप्पा आणि दुखण्याची तीव्रता यांचा संबंध त्यात अगदी जेमतेम निघाला. चार ठिपके असलेली मुलगी पाळीत गुरासारखी ओरडते आणि दोन्ही बीजकोश गाठींनी भरलेली बाई मूल होत नाही म्हणून तपासायला येते तेव्हाच तिचा आजार कळतो, असं घडतं. वर्षानुवर्षं कळा येत राहिल्या की मेंदू आणि मज्जारज्जूही दुखण्याला सरावतात. ओटीपोटाचे स्नायू कायमचे आखडतात. मग मूळ ठिपका काढला तरी कळ उरते. आपल्याकडे याची सुरुवातच उशिरा होते. ‘पाळीत दुखतंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक बाळंतपण झालं की बघ’ अशा वाक्यांवर वर्षं जातात आणि दुखणं अंगावर काढलं जातं. निदानाला चार ते बारा वर्षं लागणं ही जगभरचीच तऱ्हा आहे. त्यात कोणाही एका समाजाचा दोष नाही, पण आपला वाटा आहे.

आता क्रीम. त्यामागची कल्पना वेडगळ नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. या पेशींना इस्ट्रोजेन पोसतं आणि प्रोजेस्टेरॉन आवरतं, हे सूत्र बरोबर आहे. एंडोमेट्रिओसिसची बहुतेक औषधं याच सूत्रावर चालतात. म्हणून ‘शरीरात जे आहे तेच थोडं जास्त द्यावं, तेही त्वचेतून’, ही कल्पना पटते. १९९० च्या दशकात जॉन ली या अमेरिकन डॉक्टरांनी ती पुस्तकांतून घराघरांत पोचवली. तिच्याभोवती ‘जंगली कंदाचं नैसर्गिक क्रीम’ असं वलयही आलं. या कंदाची गोष्ट खरी आहे, पण ती जाहिरातीत सांगतात तशी नाही. १९४० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानटी कंदातल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवण्याची रीत बसवली. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या रासायनिक पायऱ्या लागतात. माणसाच्या शरीराला त्या चढता येत नाहीत. कंदाचा अर्क कातडीवर कितीही चोळला तरी त्याचं प्रोजेस्टेरॉन होत नाही. ज्या क्रीममध्ये खरंच प्रोजेस्टेरॉन असतं, तेही कारखान्यातच तयार झालेलं असतं.

आणि याच मेक्सिकोत, मार्कर ज्या कंपनीच्या स्थापनेत होते त्या सिंटेक्समध्ये, १९५१ साली आणखी एक रेणू तयार झाला: नॉरएथिस्टेरॉन. हे नाव ओळखीचं वाटलं नाही तरी गोळी मराठी घरांत पुरेपूर ओळखीची आहे. गणपतीत, सत्यनारायणाला, लग्नाला ‘अडचण’ नको म्हणून केमिस्टकडून आणली जाते, ती पाळी पुढे ढकलण्याची गोळी हीच. एंडोमेट्रिओसिसवरच्या मान्य औषधांत तिचं नाव आहे. एकाच शोधाच्या दोन शाखा झाल्या: एकीतून निघालेली गोळी आपण सणासाठी बिनदिक्कत घेतो आणि आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिली की ‘हार्मोनची आहे’ म्हणून घाबरतो, दुसरीतून निघालेलं क्रीम हार्मोनचंच असूनही ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त चोळतो.

मात्रेचा हिशेब असा. बीजकोश पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करतात. नळीवरचे २० मिलिग्रॅम त्याच्या जवळ जाणारे दिसतात, म्हणून आकडा पटतो. पण बीजकोश ते थेट रक्तात सोडतात. क्रीमला आधी कातडी ओलांडायची असते. त्या पंधरवड्याच्या मध्यावर रक्तातली पातळी एका मिलिलिटरला दहा नॅनोग्रॅमच्या वर जाते. क्रीम लावणाऱ्यांच्या रक्तात ती बहुतेक अभ्यासांत तीनच्या आत राहिलेली दिसली. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी रेन यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना इस्ट्रोजेनबरोबर हे क्रीम दिलं, मात्रा १६ पासून ६४ मिलिग्रॅमपर्यंत वाढवत नेली, आणि तरी गर्भाशयाच्या अस्तरावर प्रोजेस्टेरॉनचा अपेक्षित ठसा उमटला नाही. लाळेतलं प्रोजेस्टेरॉन मात्र भरमसाट वाढलेलं दिसतं. काही जण त्याचाच पुरावा दाखवतात, पण लाळेतली पातळी म्हणजे अस्तरावरचा परिणाम नव्हे, हेही रेन यांच्याच कामातून पुढे आलं.

इथे एक रास्त हरकत येते. इस्ट्रोजेनचे पट्टे कातडीवर लावतात आणि ते उत्तम चालतात. मग प्रोजेस्टेरॉनच का अडावं? उत्तर गणितात आहे. इस्ट्रॅडिऑलचं काम मायक्रोग्रॅममध्ये भागतं. दिवसाला पन्नास-शंभर मायक्रोग्रॅम कातडीतून गेले की पुरे. प्रोजेस्टेरॉन मिलिग्रॅममध्ये लागतं, म्हणजे शेकडो पट जास्त. अरुंद दारातून एक माणूस सहज जातो, वरात जात नाही. दुसरी हरकत जास्त बारकाईची आहे: क्रीममुळे शरीरात बऱ्यापैकी प्रोजेस्टेरॉन पोचतं, असं दाखवणारे अभ्यासही आहेत, आणि १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हेलेन लिओनेटी यांच्या चाचणीत १०२ स्त्रियांपैकी ज्यांना रजोनिवृत्तीतल्या गरम झळा येत होत्या, त्यांतल्या प्रोजेस्टेरॉनचं क्रीम लावणाऱ्या ८३ टक्क्यांना आराम पडला, औषध नसलेलं पोकळ क्रीम लावणाऱ्या १९ टक्क्यांना. हे खरं आहे. पण २००३ मध्ये रेन यांच्या ८० स्त्रियांच्या चाचणीत याच तक्रारीवर काहीच फरक दिसला नाही. हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात, आणि दोन्ही चाचण्या रजोनिवृत्तीतल्या स्त्रियांच्या आहेत. पाळीत तळमळणाऱ्या तिशीतल्या बाईच्या नाहीत. त्यांतून एवढंच ठामपणे म्हणता येतं, की कोणाच्या कातडीतून किती जाईल याचा नेम नाही. औषधाच्या बाबतीत हाच मोठा दोष. नळीवर आकडा आहे, पण तो मात्रा सांगत नाही. तो फक्त नळीत काय आहे ते सांगतो.

समजा पुरेसं पोचलं, तरी प्रश्न संपत नाही. इथे मघाची ‘जमीन’ आठवावी. शिकागोच्या सेरदार बुलुन यांच्या गटानं गेल्या दोन-अडीच दशकांत दाखवलं, की एंडोमेट्रिओसिसच्या पेशींत प्रोजेस्टेरॉनची खूण पकडणारे ग्राहक (रिसेप्टर), विशेषतः त्यांचा ‘बी’ प्रकार, फार कमी असतात. शिवाय या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करू शकतात. निरोगी अस्तर प्रोजेस्टेरॉनचं ऐकतं. हे अस्तर अर्धं बहिरं असतं. कुजबुज करून भागत नाही, आवाज चढवावा लागतो. म्हणून इथे वापरली जाणारी औषधं प्रोजेस्टेरॉनपेक्षा जोरकस असतात: नॉरएथिस्टेरॉन, डायनोजेस्ट, गर्भाशयात बसवायचं लेवोनॉरजेस्ट्रेलचं साधन. तोंडानं घ्यायच्या गोळ्या पेशींशी थेट बोलतातच, पण बीजकोशाचं कामही मंदावतात, त्यामुळे इस्ट्रोजेनचा पुरवठा घटतो. बहुतेकींची पाळी कमी होते किंवा थांबते. क्रीमच्या मात्रेत बीजकोशाला असा लगाम बसत नाही. चक्र चालू राहतं, पाळी येते, आणि कळाही. युरोपियन सोसायटी ऑफ ह्यूमन रिप्रॉडक्शन अँड एम्ब्रिऑलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दुखण्यासाठी एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टोजेन (म्हणजे वरची नॉरएथिस्टेरॉनसारखी औषधं) आणि बीजकोशाचं काम थांबवणारी जीएनआरएच गटातली औषधं सुचवली आहेत. कातडीवरचं प्रोजेस्टेरॉनचं क्रीम त्या यादीत नाही. त्यामागचं कारण कुणाचा कट नाही, मात्रेचा हिशेब आहे.

‘पण मला बरं वाटलं’, असं ज्या सांगतात त्यांचं काय? त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं काहीच कारण नाही. डायनोजेस्टची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. १९८ स्त्रियांना बारा आठवडे दिवसाला दोन मिलिग्रॅम डायनोजेस्ट किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर औषधानं दुखणं सरासरी २७.४ नं उतरलं. पोकळ गोळीनं १५.१ नं. म्हणजे काहीही औषध नसताना दुखणं उतरतं, आणि बऱ्यापैकी उतरतं. कोणीतरी ऐकून घेतलं, काहीतरी करतोय ही भावना आली, आणि मुळात दुखणं चढत-उतरत असतंच. बाई उपचार शोधते ती चढावर असताना. ते बरं वाटणं खरं असतं. पण त्याचं श्रेय क्रीमला द्यायचं की नाही, हे पोकळ क्रीमशी तुलना केल्याशिवाय ठरत नाही.

हीच पट्टी आता शस्त्रक्रियेला लावू, कारण ती एकाला लावून दुसऱ्याला सोडणं हा अप्रामाणिकपणा होईल. दुर्बिणीतून पोटात पाहिलं की हा आजार अनेक रंगांत दिसतो: काडतुसातल्या दारूसारखे काळे ठिपके, निळसर-जांभळे डाग, लालभडक जिभा, आणि नवख्याच्या नजरेला चुकवणारे पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक फोड. शल्यविशारद ते जाळतो किंवा आवरणासकट कापून काढतो. चॉकलेट सिस्ट असेल तर दाट, तपकिरी, जुनं रक्त बाहेर येतं, आणि मग बीजकोशापासून गाठीची साल सोलावी लागते. इंग्लंडमध्ये क्रिस सटन यांनी १९९४ मध्ये धाडसी चाचणी केली. ६३ स्त्रियांपैकी काहींचे ठिपके लेझरनं जाळले, काहींच्या पोटात फक्त दुर्बीण घालून पाहिलं, आणि कोणाचं काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ६२.५ टक्क्यांना आराम होता, दुसऱ्यात २२.६. जेसन अ‍ॅबट यांच्या २००४ च्या ३९ स्त्रियांच्या चाचणीत हेच आकडे ८० आणि ३२ होते. म्हणजे शस्त्रक्रिया काम करते, आणि काही जणींना ती न करताही बरं वाटतं. या चाचण्या छोट्या, पाठपुरावा महिन्यांचा. म्हणूनच अशा चाचण्या एकत्र तोलणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानं या शस्त्रक्रियेनं दुखणं खात्रीनं कमी होतं असं म्हणायला पुरावा अपुरा ठरवला.

त्याहून मोठा प्रश्न मुदतीचा. सन-वेई ग्वो यांनी २००९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत सुमारे २१.५ टक्क्यांना आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्क्यांना आजार परत येतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या २००८ च्या अभ्यासात बीजकोश राखून फक्त आजार काढलेल्या स्त्रियांपैकी सात वर्षांत पुन्हा टेबलावर जावं न लागलेल्या होत्या ४४.६ टक्के. निम्म्याहून अधिक जणींना दुसरी शस्त्रक्रिया. आणि प्रत्येक वेळेची एक किंमत असते. चॉकलेट सिस्ट सोलताना बीजकोशाचा निरोगी भागही थोडा जातो. २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा शस्त्रक्रियेनंतर एएमएच, म्हणजे बीजसाठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक, सरासरी ३८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. पुढे मूल हवं असलेल्या बाईसाठी हा आकडा संमतिपत्रावरच्या कोणत्याही ओळीपेक्षा मोलाचा आहे.

कसबी शल्यविशारद इथे हरकत घेतील. वरवर जाळणं आणि मुळापासून कापणं यांत फरक आहे, ते म्हणतील. ज्यांच्याकडे आजार परततो त्यांनी तो अर्धाच काढलेला असतो. यात तथ्य आहे. आतडं किंवा मूत्रवाहिनी गुरफटलेल्या खोल आजारात हाताच्या कसबाला पर्याय नाही, आणि असा आजार रोज पाहणाऱ्या पथकाकडे जाणं हेच शहाणपण. पण कसबानं मुदत लांबते, अमर होत नाही. पाळी चालू असेतो जमीन तीच राहते. म्हणून दाव्यावर न थांबता डॉक्टरांना त्यांचे स्वतःचे आकडे विचारावेत: अशा किती केल्या, किती जणी पाच वर्षांत परत आल्या. ज्याच्याकडे नोंद आहे तो सांगतो.

मुदत वाढवायला काय उपयोगी पडतं, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि इथेच ‘हे की ते’ हा प्रश्न कोलमडतो. त्याच युरोपियन सूचना म्हणतात, की शस्त्रक्रियेनंतर लगेच मूल नको असेल तर पाळीच्या कळा परतू नयेत म्हणून किमान दीड-दोन वर्षं लेवोनॉरजेस्ट्रेलचं साधन किंवा एकत्रित गोळी द्यावी. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ४०५ स्त्रियांवर ‘प्री-एम्प्ट’ चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाला दीर्घकाळ टिकणारं प्रोजेस्टोजेन, म्हणजे इंजेक्शन किंवा गर्भाशयातलं साधन. दुसऱ्याला रोजची गोळी. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दुखणं सुमारे ४० टक्क्यांनी उतरलेलं होतं. पहिल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया किंवा वरच्या पायरीचं औषध कमी जणींना लागलं. जी संप्रेरकं क्रीमच्या रूपात शस्त्रक्रियेची प्रतिस्पर्धी म्हणून उभी केली जातात, तीच योग्य मात्रेत तिची राखणदार ठरतात.

मग गोळ्याच घ्याव्यात आणि प्रश्न मिटवावा? तसंही नाही. औषधांचा कच्चा हिशेब तितकाच उघड मांडायला हवा. २०१७ च्या एका आढाव्यात निरनिराळ्या औषधांनी ११ ते १९ टक्के स्त्रियांचं दुखणं अजिबात कमी झालं नव्हतं, आणि औषध बंद केल्यावर १७ ते ३४ टक्क्यांची तक्रार परतली. डायनोजेस्टनं अवेळी रक्त जातं, डोकं दुखतं, काहींचं मन खचतं. जीएनआरएच औषधांनी हाडं विरळ होतात, म्हणून सोबत थोडं संप्रेरक द्यावं लागतं. मायग्रेनमध्ये डोळ्यांपुढे चमक येणाऱ्यांना एकत्रित गोळी चालत नाही. १९७० च्या दशकातल्या डॅनाझॉलनं स्त्रियांना ओठावर लव आणि कायमचा घोगरा आवाज दिला होता. संप्रेरकांची धास्ती हवेतून आलेली नाही. आणि ज्यांना आत्ताच मूल हवंय त्यांच्यासाठी पाळी दाबणारी औषधं निरुपयोगी आहेत. ती गर्भधारणा सोपी करत नाहीत, वर्ष तेवढं खातात. अशांसाठी शस्त्रक्रिया किंवा आयव्हीएफ हा वेगळा हिशेब. मूत्रवाहिनी दाबली गेली असेल, आतडं अडत असेल, गाठीच्या स्वरूपाबद्दल शंका असेल, औषधं पुरेशी घेऊनही हरली असतील, तर शस्त्रक्रियेला उशीर करणं हाच धोका. मूत्रवाहिनीवरचा आजार तर गुपचूप मूत्रपिंड निकामी करू शकतो. कळा सौम्य, आणि आत नुकसान चालू. अशा वेळी क्रीमचा दोष त्याच्या दुष्परिणामांत नसतो, त्यानं खाल्लेल्या महिन्यांत असतो.

शेवटची हरकत महाराष्ट्राच्या मातीतली आहे, आणि ती सगळ्यांत वजनदार आहे. आपल्याकडे बायका शस्त्रक्रियेला भितात त्याला कारण आहे. ‘पिशवी काढून टाका’ हे इथे पाळीच्या कुठल्याही तक्रारीवरचं उत्तर होऊन बसलं. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला २०१९ मध्ये ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा झाला की मजुरी बुडते, दंड बसतो. पाळीचा त्रास हा मुकादमाच्या हिशेबातला खर्च झाला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असं सांगावं लागलं. हे माहीत असलेली बाई नळीतल्या क्रीमकडे वळली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पण तिची भीती नेमकी कशाची, ते वेगळं काढायला हवं. गर्भाशय काढणं आणि एंडोमेट्रिओसिस काढणं या दोन गोष्टी आहेत. हा आजार व्याख्येनंच गर्भाशयाबाहेरचा आहे. पिशवी गेली आणि ठिपके राहिले तर बीजकोश त्यांना पोसतच राहतात. क्लीव्हलँडच्याच अभ्यासात बीजकोश ठेवून गर्भाशय काढलेल्यांपैकी सात वर्षांत जवळपास चौथ्या हिश्शाला पुन्हा शस्त्रक्रिया लागली. भीती रास्त आहे. तिचं उत्तर कमी पोचणारं औषध हे नाही, तर न विचारता कापणाऱ्याला प्रश्न विचारणं हे आहे.

असे प्रश्न विचारायचे तर हाताशी स्वतःचे आकडे हवेत, आणि ते मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही. निदानासाठी आता सरसकट दुर्बीण घालायची गरज उरलेली नाही. तक्रार, तपासणी, चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय एवढ्यावर उपचार सुरू करता येतात, फक्त स्वच्छ रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं समजायचं नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराच्या नोंदी आणि त्यांची जनुकं यांवर काम चालू आहे, पण एका बाईच्या दुखण्याची नोंद त्या बाईखेरीज कोणी ठेवू शकत नाही. मराठी घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटींत पाळीच्या तारखेभोवती गोल करायची रीत जुनी आहे. त्या गोलाशेजारी रोज शून्य ते दहा यांमधला एक आकडा लिहायचा, आणि वेदनाशामक गोळी घेतली तर एक टिंब. उपचाराआधी तीन महिने, नंतर वर्षभर. क्रीम असो, डायनोजेस्ट असो, वा शस्त्रक्रिया, त्या चौकटींना नावाशी देणंघेणं नसतं. आकडे किती उतरले यावरून मात्रा पोचली का ते कळतं. आणि कितव्या पानावर ते पुन्हा चढू लागले, ती मुदत.